कापूस खरेदी केंद्राचा एक हंगाम : काटा चोख, खुर्ची जड

आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर एका जिनिंग कारखान्याच्या आवारात हमीभावाने कापूस घेणारे खरेदी केंद्र दर हंगामात उघडते. यवतमाळ जिल्ह्यातील या केंद्रावर मी गेली चार वर्षे कापूस नेतो आहे आणि २०२५-२६ च्या हंगामात माझ्या तीन खेपा झाल्या. त्याआधीच्या हंगामात चार दिवस मी याच केंद्राच्या फाटकावर टेबलापलीकडच्या खुर्चीतही बसलो होतो. त्याची हकीगत पुढे येईलच. केंद्राचे आणि तालुक्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तेथील बहुतेक माणसे दरवर्षी बदलतात, वागणे मात्र तेच राहते, त्यामुळे हा अभिप्राय त्या माणसांविषयी कमी आणि ती ज्या जागेवर बसतात त्या जागेविषयी जास्त आहे.

आधी चांगले सांगतो. या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये होता. त्याच आठवड्यात आमच्या गावात खेडा खरेदीला आलेला व्यापारी सात हजारांच्या आसपास बोलत होता आणि तेही अंगणातल्या काट्यावर. केंद्रावरचे पैसे थेट आधार जोडलेल्या बँक खात्यात येतात. माझे पहिल्या खेपेचे सहाव्या दिवशी आले, तिसऱ्या खेपेला अकरा दिवस लागले. अडत नाही, हातउसने नाही, ‘उद्या या’ नाही. ज्याच्याकडे पेरा नोंदवलेला सातबारा आहे, आगाऊ नोंदणी झालेली आहे आणि गाडीभाडे खिशात आहे, त्याने व्यापाऱ्याकडे न जाता येथेच यावे, हे माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची तक्रार वाचून कोणी गैरसमज करून घेणार नाही.

वजनाची व्यवस्था तर फारच चोख आहे. धर्मकाट्याच्या खोलीबाहेर मोठ्या लाल आकड्यांचा फलक लावलेला आहे, त्यामुळे गाडी काट्यावर चढली की आकडा चालकाला दिसतो, शेतकऱ्याला दिसतो, मागच्या गाडीवरच्या पोरालाही दिसतो. काट्यावर बसणारा गृहस्थ हसतमुख आहे, पावती देताना नावाने हाक मारतो, आणि मी पाहिलेल्या चारही वर्षांत त्याला कोणी ‘साहेब’ म्हटलेले मला आठवत नाही. सगळे त्याला भाऊ म्हणतात. सुरुवातीला मला वाटे, हा माणूसच मुळात चांगला. पुढे लक्षात आले की त्याच्या हातात द्यायला आणि नाकारायला काही उरलेलेच नाही. आकडा सर्वांसमोर आहे. तो एक किलो कोणाला वाढवून देऊ शकत नाही आणि कोणाचा कापूही शकत नाही. त्यामुळे त्याच्यापुढे कोणी वाकत नाही आणि त्यालाही ताठ बसावे लागत नाही.

त्याच खोलीपासून तीस-चाळीस पावलांवर ग्रेडरचे, म्हणजे कापसाची प्रत आणि ओलावा ठरवणाऱ्याचे, टेबल आहे आणि तेथे हवा बदलते.

नियम असा आहे की कापसातील ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण दर मिळतो, ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान प्रत्येक वाढीव टक्क्यामागे दर एक टक्क्याने कमी होतो आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस परत जातो. नियमात काही खोट नाही. ओला कापूस गंजीत तापतो, पिवळा पडतो, आणि पाण्याचे वजन सरकारने कापसाच्या भावात का घ्यावे, हा प्रश्न रास्तच आहे. आमच्यातलेही काही जण गाडी भरताना बादलीभर पाणी शिंपडतात. हे गावात सर्वांना ठाऊक असते आणि केंद्रावर कोणालाच ठाऊक नसते. अडचण एवढीच आहे की ओलावा मोजण्याच्या यंत्राचे तोंड ग्रेडरकडे असते. तो गाडीत यंत्राची सळई खुपसतो, आकडा स्वतः पाहतो आणि शेजारच्या मुलाला सांगतो, ‘अकरा लिही.’ एक टक्का म्हणजे क्विंटलमागे ८१ रुपये १० पैसे. माझ्या १४ क्विंटलच्या पहिल्या खेपेला ९ आणि ११ यांच्यातला फरक २,२७० रुपये ८० पैशांचा होता, आणि तो ठरायला चार सेकंद लागले.

हा तरुण ग्रेडर वाईट नाही. संध्याकाळी फाटकासमोरच्या टपरीवर तो भेटला तेव्हा मला ‘काका’ म्हणाला. त्याचे वडील वाशीमकडे सोयाबीन पेरतात, यंदा पावसाने शेंगा जागेवरच कुजल्या, आणि बाजारात सोयाबीनचा ओलावा जास्त लावून भाव पाडतात म्हणून तो मनापासून चिडलेला होता. मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. सकाळी त्याच मुलाने माझ्याहून वयाने मोठ्या माणसाला ‘ओ, पुढचे, गाडी घ्या, वेळ नाही’ असे सुनावले होते आणि त्या म्हाताऱ्याने टोपी काढून हातात धरली होती. दिवसभर कापसाची धूळ उडते म्हणून ग्रेडर तोंडाला रुमाल बांधतो आणि काळा चष्मा लावतो. कारण अगदी खरे आहे, मात्र त्यामुळे टेबलापुढे उभ्या असलेल्या माणसाला समोर चेहरा दिसत नाही.

मी सत्तावीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले आणि डी.एड.च्या काळापासून मानसशास्त्राची गोडी आहे, म्हणून त्या काळ्या चष्म्यावरून मला स्टॅनफर्डचे तळघर आठवले. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या तळघरात खोटा तुरुंग उभारून फिलिप झिम्बार्डो या मानसशास्त्रज्ञाने दिवसाला १५ डॉलर देऊन तरुण विद्यार्थी गोळा केले, चाचण्या घेऊन धडधाकट आणि सरळ स्वभावाचे २४ निवडले आणि कोणी पहारेकरी व्हायचे, कोणी कैदी, हे नाणेफेकीसारख्या निव्वळ योगायोगाने ठरवले. पहारेकऱ्यांना खाकी गणवेश आणि डोळे न दिसणारे आरशाचे चष्मे दिले. कैद्यांना नावाऐवजी क्रमांक दिले. दोन आठवड्यांसाठी आखलेला तो प्रयोग सहा दिवसांत गुंडाळावा लागला, कारण पहारेकरी कैद्यांचा छळ करू लागले आणि कैदी खचू लागले. गणवेश चढवला की माणूस बदलतो, असा त्याचा अर्थ कितीतरी वर्षे पाठ्यपुस्तकांतून सांगितला गेला आणि मीही शिक्षकांच्या प्रशिक्षणात तो तसाच सांगितला.

पुढे त्या प्रयोगाच्या ध्वनिफिती आणि कागदपत्रे तपासली गेली तेव्हा गोष्ट इतकी सरळ राहिली नाही. पहारेकऱ्यांनी कडक वागावे, असे त्यांना आयोजकांच्या बाजूनेच सांगितले जात होते; मऊ वागणाऱ्याला बाजूला घेऊन समजावले जात होते. आणि सगळे पहारेकरी क्रूर झालेही नव्हते. हे वाचल्यावर मला आमच्या केंद्रावरचा टोकन देणारा मुलगा अधिक नीट कळला. तो आमच्या शेजारच्या गावचा, बी.कॉम. झालेला, हंगामापुरता रोजंदारीवर लागलेला. पहिल्या आठवड्यात तो वयस्क शेतकऱ्यांना स्वतः उठून बाकावर बसवत असे. तिसऱ्या आठवड्यात तो मान वर न करता बोलू लागला. मी त्याला विचारले तेव्हा तो ओशाळून म्हणाला, “मास्तर, मोठ्या बाबूनं सांगतलं. ढिलं सोडलं का डोक्यावर बसते पब्लिक.” म्हणजे त्याला नुसती खुर्ची मिळाली नव्हती, खुर्चीत कसे बसायचे याची शिकवणीही मिळाली होती. हे वाक्य मी आजवर तलाठी कार्यालयात, बँकेत, दवाखान्याच्या चिठ्ठीच्या खिडकीवर आणि, खरे सांगायचे तर, शाळेच्या शिक्षकखोलीतही ऐकले आहे. नव्या शिक्षकाला मी स्वतः ते दोनदा तरी ऐकवले असेल.

आता माझ्या चार दिवसांची हकीगत. मागच्या हंगामात डिसेंबरात केंद्रावर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली, दोन मेटाडोरवाल्यांची मारामारी झाली, आणि शेतकऱ्यांपैकीच कोणी वडीलधाऱ्याने क्रमांक सांभाळावेत असे ठरले. निवृत्त मास्तर म्हणून सर्वांनी माझे नाव पुढे केले. मला एक वही, एक शिटी आणि गळ्यात अडकवायचा पिवळा बिल्ला मिळाला. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाजवळ जाऊन क्रमांक सांगितला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खुर्ची फाटकाच्या सावलीत ओढून घेतली आणि लोक माझ्याकडे येऊ लागले. तिसऱ्या दिवशी एक माणूस पुन्हा पुन्हा वहीत डोकावत होता, तेव्हा मी वर न पाहता म्हणालो, “ए, मागं सरक. ऐकू येत नाही का?” तो म्हणाला, “मी हाव जी मास्तर.” तो माझा वर्गमित्र होता. चौथीपर्यंत आम्ही एका पाटीवर लिहिले आहे. त्याने राग धरला नाही, उलट तो खरेच मागे सरकला, आणि तेच मला जास्त लागले. त्याच दिवशी संध्याकाळी एका मोठ्या शेतकऱ्याने माझ्यासाठी चहा आणि आलूबोंडा पाठवला, तो मी खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी त्याची गाडी दोन क्रमांक पुढे गेली. त्याने मागितले नव्हते. मी लाच घेतली असे मला तेव्हा वाटले नाही, आजही तो शब्द जड वाटतो. पण त्या आलूबोंड्याची किंमत बैलबंडी घेऊन आलेल्या कोणा एकाने दोन तास थंडीत उभे राहून चुकवली, एवढे नक्की.

माझ्या वडिलांच्या काळी, १९७२ पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली तेव्हा, बंड्यांच्या रांगा रस्त्याच्या कडेने लागत. वडील दोन दोन रात्री बंडीखाली झोपत, तिथेच तीन दगडांवर खिचडी शिजवत. घरी ज्यांच्यापुढे आम्ही भावंडे ब्र काढत नसू, ते वडील ग्रेडर आला की अंग चोरून उभे राहत, हे मी आठ-नऊ वर्षांचा असताना पाहिले होते, आणि कोणता माणूस खरा, हे मला कितीतरी दिवस कळत नव्हते. आता वाटते, दोन्ही खरे होते.

मग खुर्चीवर मऊ माणूस बसवला तर प्रश्न सुटेल का? या केंद्रावर तेही पाहायला मिळाले. दोन वर्षांपूर्वी एक ग्रेडर फार संकोची आला होता. कोणाला नाही म्हणणे त्याच्या जिवावर येई. आठवडाभरात रांग मोडली, ज्याचे मनगट घट्ट त्याची गाडी आत, आणि पाच-सहा क्विंटलवाले बंडीवाले सगळ्यांत शेवटी. डिसेंबर २००१ मध्ये ॲलेक्स हॅस्लम आणि स्टीफन रायकर या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी बीबीसीसाठी तुरुंगाचा नवा प्रयोग केला, तेव्हा साधारण असेच घडले होते. पहारेकऱ्यांना आपला अधिकार वापरायचा संकोच वाटला, त्यांच्यात एकी झाली नाही, आणि कैद्यांनी ती व्यवस्थाच उलथवली. त्यानंतर तेथे जे आकार घेऊ लागले ते अधिक कठोर होते. अधिकार कोणीच वापरला नाही तर तो नाहीसा होत नाही, दांडगा माणूस तो उचलतो. त्या आठवड्यात लहान शेतकरीच म्हणू लागले की आधीचा खेकसणारा बाबू बरा होता.

या हंगामात मात्र एक वेगळी गोष्ट घडली, आणि या केंद्राला मी जे जादा गुण देणार आहे ते तिच्यामुळे. दुसऱ्या खेपेला माझ्यापुढे एक तिशीतली बाई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कापूस घेऊन आली होती. सातबारा तिच्या नावाचा, सोबत लहान भाऊ. ग्रेडरने ‘बारा’ म्हटले. तिने विचारले, “दाखवा ना जी, कुठे बारा हाये?” तो म्हणाला, दाखवायची पद्धत नाही. ती जागची हलली नाही. मग तिच्या मागच्या माणसाने विचारले, मग मी, मग आणखी दोघांनी. कोणी आवाज चढवला नाही. ग्रेडरने क्षणभर आमच्याकडे पाहिले, यंत्र फिरवून तिच्यासमोर धरले आणि सळई पुन्हा, दुसऱ्या जागी, खुपसली. आकडा ९.६ आला. मी लबाडीचा आरोप करत नाही. ट्रॉलीच्या तळाशी आणि वरच्या थरात ओलावा वेगळा असतो, सकाळी दव असते, दुपारी ऊन. परंतु एका जागी एकदाच मोजायचे की तीन जागी मोजून सरासरी काढायची, हे त्या दिवसापर्यंत एकट्याच्या मर्जीवर होते.

स्टॅन्ले मिलग्राम यांनी येल विद्यापीठात केलेल्या आज्ञापालनाच्या प्रयोगात, समोरच्याला विजेचा धक्का द्या असे सांगितल्यावर ४० पैकी २६ माणसे यंत्रावरच्या शेवटच्या, म्हणजे ४५० व्होल्टच्या खटक्यापर्यंत गेली होती. धक्के खोटे होते, पण देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. हा आकडा पुष्कळांना माहीत असतो. त्याच मालिकेतील दुसऱ्या एका फेरीत शेजारी बसलेल्या दोन साथीदारांनी मध्येच नकार दिला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी अवघे ४ उरले. त्या दिवशी आमच्या रांगेत मी एकटा असतो तर ‘बारा’ ऐकून मान डोलावली असती. पहिल्या खेपेला अकरा ऐकून डोलावलीच होती. चारचौघांनी विचारल्यानंतर ग्रेडरही, मला वाटते, थोडा सैलावला. तिसऱ्या खेपेपर्यंत तो न मागता यंत्र फिरवू लागला होता आणि त्याने दिवसात दहा-बारा वेळा होणारी हुज्जत वाचवली होती.

इथे माझ्याच शेतातली एक गोष्ट सांगितली नाही तर हा अभिप्राय अर्धवट राहील. त्याच आठवड्यात घरी वेचणी सुरू होती. आमच्याकडे वेचणी किलोवर असते. यंदा किलोला दहा रुपये दिले. दुपारी आणि संध्याकाळी बाया गाठोडी घेऊन धुऱ्यावरच्या बाभळीखाली येतात, तिथे ताणकाटा टांगलेला असतो, मी आकडा वाचतो आणि वहीत लिहितो. गाठोड्याच्या कपड्याचा अर्धा किलो वजा करायचा आणि वरचे ग्रॅम सोडून द्यायचे, ही वडिलांपासूनची रीत. केंद्रावरच्या त्या बाईची गोष्ट मी बायांना मोठ्या रंगात येऊन सांगत होतो. त्यांच्यातली सर्वांत म्हातारी ऐकत होती. गोष्ट संपल्यावर ती म्हणाली, “मंग मास्तर, हा काटा बी जरा इकडे फिरवा ना जी.”

काटा माझ्याकडे तोंड करून होता. इतक्या वर्षांत मला ते दिसले नव्हते. फिरवला तेव्हा गाठोडे २३ किलो ८०० ग्रॅमचे होते आणि मी वहीत साडेबावीस लिहिले होते. कपडा वेगळा तोलला, तो दोनशे ग्रॅमचा निघाला. पाच बाया, रोज दोन गाठोडी, अठरा दिवस, म्हणजे १८० गाठोडी. दर गाठोड्याला पाऊण किलो जरी धरला तरी १३५ किलो, आणि दहा रुपयांनी १,३५० रुपये. संक्रांतीच्या आधी मी ते पाच जणींत वाटले. एकीने विचारले, “कायचे पैसे हाये जी हे?” आणि मला नीट उत्तर देता आले नाही. मी ‘राहिले होते’ एवढेच म्हणालो.

केंद्राला पाचपैकी गुण द्यायचे तर वजनाला पाच, पैसे मिळण्याला चार, ओलाव्याला पहिल्या खेपेचे दोन आणि तिसऱ्या खेपेचे साडेतीन. फाटकावरच्या वागणुकीला गुण देण्याचा माझा अधिकार मी गेल्या वर्षीच घालवून बसलो आहे. व्यवस्थापनाने तीन गोष्टी कराव्यात. ओलाव्याचे यंत्र काट्यासारखेच मोठ्या फलकाला जोडावे. गाडीत तीन जागी मोजून सरासरी लिहावी. आणि टोकनचे क्रमांक कोणाच्या वहीत न ठेवता फाटकावरच्या फळ्यावर खडूने लिहावेत. फळ्याचा खर्च मी देईन, मला जुने फळे कुठे मिळतात ते ठाऊक आहे. रुमाल आणि चष्मा राहू द्यावा, धूळ खरोखर फार असते.

जाणाऱ्यांनी सातबारा, आधार, बँकेचे पुस्तक आणि नोंदणीचा संदेश सोबत ठेवावा. कवडी (किडका, नीट न उमललेला कापूस) आणि फरदड (हंगाम संपल्यावर त्याच झाडांना पुन्हा आलेला कापूस) चांगल्या कापसात मिसळून नेऊ नये, त्यावरून पूर्ण गाडी परत जाते आणि मागच्याचाही वेळ जातो. दव उतरल्यावर, म्हणजे सकाळी दहाच्या पुढे मोजणी होईल अशा बेताने निघावे. एकट्याने जाण्यापेक्षा गावातल्या दोन-तीन गाड्या मिळून निघालेल्या बऱ्या. डबा घरून न्यावा. टपरीवरचा चहा बरा असतो, मात्र दुपारी चारनंतर दूध संपते आणि मग तो नुसते काळे पाणी देतो.